इंग्रजी कवींना काळाची एवढी घाई का?

ठाणेकर:
अभिजात इंग्रजी कवितेत काळ आला की तेच रडगाणं. तारुण्य सरतंय, फुलं कोमेजतायत, काय ते लवकर उरका. १६४८ मध्ये हेरिक कळ्या वेचून घ्या म्हणतो, मार्व्हेलला पाठीमागे काळाचा पंखवाला रथ ऐकू येतो, शेक्सपिअर घड्याळाचे ठोके मोजतो. एवढं काय कौतुक करायचं त्याचं?

रानवाट:
तीन कवींवरून सगळ्या परंपरेचा निकाल लावलात, म्हणून लिहिणं भाग आहे. शेक्सपिअरचं साठावं सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता, पुन्हा वाचा. लाटा गोट्यांच्या किनाऱ्याकडे धावतात तशी आपली मिनिटं शेवटाकडे धावतात. ‘उरका’ असं कुठे आहे त्यात? शेवटी तो काळाच्या कोयत्यासमोर स्वतःची कविता उभी करतो.

आणि टेनिसनच्या कवितेतला टिथोनस, ग्रीक पुराणकथेतला, कुठे बसवणार? अमरत्व मागितलं, तारुण्य मागायचं राहिलं. त्याची प्रिया, पहाटेची देवी उषा, रोज नवी होते, हा तिच्या शेजारी झिजत मरण मागतो. आमची आजी शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. सकाळी आईने पडदा सरकवला की विचारायची, “आजपण उजाडलं का गं?” काळ सरत नाही याचा त्रास मी त्या खोलीत पाहिलाय. तुमच्या धाग्यात त्याला जागाच नाही.

मोगरा:
मार्व्हेलचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. त्याच रथाच्या कवितेत कबरीतले किडे तुझं कौमार्य तपासतील अशी भीती घालून मुलीला राजी करायचं, याला काळाचं चिंतन म्हणायचं? बी.ए.ला आमचे सर ती ओळ पुढच्या बाकांवरच्या मुलींकडे बघत वाचायचे. वर्ग हसायचा, आम्ही माना खाली घालायचो.

ठाणेकर:
सरांचा राग कवीवर का काढता? आधी डोळे नि कपाळ वाखाणायला शंभर वर्षं, तिला गंगेकाठची माणकं, मग एकदम तो रथ. काय बांधणी आहे! शिवाय ही विनवणी रोमन कवींपासून चालत आलेली, ठरीव चाल आहे.

मोगरा:
चाल ठाऊक आहे. त्या चालीत मुलगी अवाक्षर बोलत नाही, हेही ठाऊक आहे. आणि आत्ता धाग्याच्या सुरुवातीला याच मार्व्हेलला रडगाणं म्हणत होतात ना?

निवृत्त मास्तर:
वर्गाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. ‘मध्यवर्ती कल्पना लिहा’ या प्रश्नाने कवितेचं वाटोळं केलं. शेलीची ‘ऑझिमँडियस’ घ्या, वाळवंटात मोडून पडलेल्या राजाच्या पुतळ्यावरची. ‘काळापुढे सत्ता टिकत नाही’ एवढं लिहिलं की पूर्ण गुण. एका मुलीने लिहिलं होतं, राजा गेला, पण त्याच्या चेहऱ्यावरची मग्रुरी शिल्पकाराने ओळखली होती, ती दगडात राहिली. किती बरोबर! तपासनीसाने तिचे गुण कापले, नमुना उत्तरात नाही म्हणून.

ठाणेकर:
मास्तर, गठ्ठेच्या गठ्ठे तपासताना प्रत्येकाची वेगळी समज कुठे तोलत बसणार? काहीतरी माप लागतंच.

निवृत्त मास्तर:
माप लावा हो, पण कविता वाचलेल्याला शिक्षा देऊ नका! मुलं गाईडमधला सारांश पाठ करतात, मूळ चौदा ओळी उघडतही नाहीत. मग मोठेपणी ‘सगळ्या कवितांत एकच रडगाणं’ असं वाटणारच.

ठाणेकर:
हे वैयक्तिक झालं. मी गाईडवर वाढलेलो नाही.

मोगरा:
मास्तरांशी पूर्ण सहमत. आमच्याकडे तर प्रश्नही दरवर्षी तेच यायचे.

उत्तररात्र:
परीक्षापद्धतीसाठी वेगळा धागा काढा. मला कवी थॉमस हार्डीबद्दल बोलायचंय. बायकोशी, एमाशी, त्याचा संसार कित्येक वर्षं आतून तुटलेला होता. १९१२ मध्ये ती गेली आणि पुढच्या मार्चमध्ये तो इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या कॉर्नवॉलला पोचला, जिथे मार्च १८७० मध्ये दोघं भेटली होती. तिथल्या कड्यावरच्या ‘बीनी क्लिफ’ या कवितेच्या शीर्षकाखाली दोन्ही मार्च महिने छापलेत. कडा तोच, समुद्र तोच, ती मात्र कुठेच नाही. जिवंतपणी जिच्याशी बोलणं सुटलं, तिच्यावर तो मेल्यावर लिहीत सुटला. बाबांच्या पश्चात माझ्या आईला कपाट आवरताना पाहिलंय मी, त्यामुळे या कवितांना कुणी घाईत बसवलं की सहन होत नाही.

ठाणेकर:
बरं, टिथोनस आणि हार्डी माझ्या विधानात बसत नाहीत. झालं समाधान? हेरिक-मार्व्हेलबद्दल मात्र शब्द मागे घेणार नाही. घाई ती घाईच.

मोगरा:
घाई कोणाची, ते तरी लिहा. त्या मुलीला घाई असल्याची एक ओळ दाखवा, मग पुढे बोलू.