महाकादंबरीतल्या कोवळ्या शिपायाचे बालपण कसे उभे करावे?

मुलुंडचा लेखनिक (प्रश्न)

नमस्कार. मी एका कल्पित राज्यावर दीर्घ कादंबरी लिहीत आहे. त्या राज्याच्या आकाशात दोन चंद्र असल्यामुळे भरती-ओहोटीचे चक्र आपल्यापेक्षा अवघड आहे आणि तिथले सैनिक घोड्यांऐवजी जटायूच्या कुळातील प्रचंड गरुडांवर बसून लढतात. भिवा हा माझा नायक खाडीकाठच्या मिठागरात राबणाऱ्या कुटुंबातला असून कथा सुरू होते तेव्हा तो सोळा वर्षांचा, गरुडस्वारांच्या पथकातला सर्वांत लहान शिपाई आहे. त्याआधीच्या वर्षांचे काय करावे, हा माझा प्रश्न आहे. शत्रूने जाळलेले गाव, अनाथ मुलगा, दंडावरची गूढ खूण आणि वनात भेटलेला गुरू हा रूढ मार्ग मला नको आहे. गरीब घरातला मुलगा सैन्यात नेमका कोणत्या दाराने शिरतो, तळावर त्याच्या वाट्याला कोणती कामे येतात आणि घरच्यांना त्याची काय किंमत मोजावी लागते, याविषयी इतिहासाचे वाचन असलेल्या मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दप्तरी वाचक

आपण विचारलेल्या तीन गोष्टींच्या आधी आणखी एक गोष्ट ठरवावी लागेल, असे मला वाटते : भिवा ज्या गरुडावर बसतो तो गरुड कोणाचा? मराठ्यांच्या घोडदळात हा भेद फार मोलाचा होता. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे. मिठागरातल्या कुटुंबाला गरुड पोसणे शक्यच नाही, म्हणजे भिवा बारगीरच असणार, आणि ज्या पक्ष्यावर त्याचा जीव जडला आहे तो पक्षी कोणत्याही दिवशी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. त्याच्या शेजारी झोपणारा शिलेदाराचा मुलगा मात्र आपल्या पक्ष्याला घरातून घेऊन आलेला असेल. या दोन मुलांची मैत्री आपण रंगवलीत, तर गूढ खुणेची गरज उरणार नाही.

१६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या लष्कराची जी व्यवस्था दिली आहे, ती आपण अवश्य वाचावी. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी अशी ती उतरंड आहे. त्यातली मला सर्वांत उपयोगी वाटणारी नोंद वेगळीच आहे, ती म्हणजे दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. आपला भिवा बाराव्या वर्षी या दारानेच आत येऊ शकतो. पहाटे कातडी पखाल पाठीवर घेऊन तो ओढ्यावर जातो, परत येईपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला असतो, आणि पंचवीस पक्ष्यांपैकी कोणता पक्षी आधी चोच बुडवतो व कोणता आजारी असल्यामुळे पाण्याकडे पाहतही नाही, हे त्याला हवालदाराआधी कळते. नालबंदाच्या जागी नख्या कापणारा आणि पिसे तपासणारा माणूस ठेवा. सोळाव्या वर्षी भिवाला खोगिरावर का बसवले, याचे खरे उत्तर त्या चार वर्षांच्या पाण्यात आहे.

त्याच बखरीतली आणखी एक रीत सांगतो. पावसाळा छावणीत काढून दसऱ्यानंतर लष्कर आठ महिने मुलुखगिरीवर निघे. निघताना प्रत्येक माणसाजवळच्या चीजवस्तूंची यादी होई, परतल्यावर ती पुन्हा ताडून पाहिली जाई, आणि जास्त निघालेला ऐवज त्याच्या वेतनात वळता होई. आपल्या पहिल्या प्रकरणात कारकुनाला भिवाची यादी लिहू द्या. एक घोंगडी, एक कोयती, आईने बांधून दिलेली मिठाची पुरचुंडी, आणि पुढे लिहायला काहीच नाही म्हणून लेखणी थांबवून त्याच्याकडे पाहणारा कारकून. बालपणावर वेगळी दहा पाने खर्च करण्यापेक्षा ही यादी अधिक सांगून जाईल.

वडाळा खाडीकाठ

दप्तरी वाचकांनी दसऱ्याचा उल्लेख केला म्हणून लिहीत आहे. आमच्या आगरी घरात आधीच्या पिढ्यांनी मिठागरात काम केलेले आहे, आणि म्हणून मला या कथेतला खरा पेच दुसरीकडे दिसतो. मावळातल्या कुणब्याच्या मुलाचे वर्ष लष्कराच्या वर्षाशी जुळते, कारण पावसाळ्यात शेती होते आणि भात घरात आले की तो मोहिमेला मोकळा असतो. मिठागराचे वर्ष नेमके याच्या उलट आहे. पाऊस संपला की बांध दुरुस्त करायचे, उधाणाच्या भरतीचे पाणी मोठ्या तलावात घ्यायचे, तिथून ते एकेका वाफ्यात फिरवत उन्हाने आटवायचे आणि तयार झालेले मीठ लांब दांड्याच्या लाकडी फळीने कडेला ओढायचे. हे काम पुढचा पाऊस येईपर्यंत चालते. म्हणजे लष्कराला भिवा ज्या आठ महिन्यांत हवा आहे, त्याच आठ महिन्यांत बापालाही तो हवा आहे. मुलगा घरी परततो तेव्हा पाऊस लागलेला असतो, वाफे पाण्याखाली गेलेले असतात आणि त्याच्या दोन हातांचा घराला काहीच उपयोग उरलेला नसतो. त्याला घरचे रागावणार नाहीत, जेवायलाही वाढतील, पण त्याच्या जागी त्या हंगामात धाकटी बहीण वाफ्यात उतरली होती, हे तिच्या भेगाळलेल्या टाचांवरून त्याला दिसेल.

आपल्या राज्यात दोन चंद्र आहेत, हे तर फारच चांगले. दोन्ही चंद्रांचे उधाण एकाच दिवशी आले, तर बांध फुटून महिनाभराचे मीठ विरघळून जाईल, आणि तो दिवस कोणता हे मिठागरातले पोर राजज्योतिष्यापेक्षा अचूक सांगेल. सैन्याला खाडी ओलांडायची असेल तेव्हा या ज्ञानाचे मोल किती असेल, याचा विचार करावा.

गिरगावची वाचक

दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, परंतु एक सावधगिरी सुचवते. इतका हिशेब मांडताना अद्भुत हरवू नये. ज्या मुलाने लहानपणापासून डोक्यावरून जाणारी गरुडांची सावली वाफ्यातल्या पाण्यात पाहिली आहे, त्याला पोटापलीकडची काही ओढ असणारच. ती ओढ पहिल्या दहा पानांत दिसली नाही, तर वाचक पुढची पाचशे पाने कशासाठी वाचेल?

परळचा अभ्यासक

आतापर्यंत मुलगा स्वतः सैन्यात जातो असे सर्वांनी गृहीत धरले आहे. उस्मानी साम्राज्यात याच्या उलट व्यवस्था होती. बाल्कन प्रदेशातल्या ख्रिस्ती गावांमधून ठरावीक काळाने मुलगे उचलले जात, त्यांचे धर्मांतर होई, त्यांतल्या अनेकांना भाषा आणि चालीरीती अंगवळणी पडाव्यात म्हणून तुर्की शेतकरी कुटुंबांत कामाला ठेवले जाई, आणि पुढे त्यांतून जानिसारी सैनिक तयार होत. स्पार्टामध्येही मुलाला सातव्या वर्षी घरातून काढून राज्याच्या शिक्षणात घालत. अशा मुलाला सैन्य आवडते की नाही, हा प्रश्नच गैरलागू ठरतो, कारण दुसरे काही आवडून घेण्याइतका वेळ त्याला मिळालेलाच नसतो.

जानिसारींची एक गोष्ट कादंबरीकाराने ध्यानात ठेवावी. त्यांच्या पथकाचे केंद्र म्हणजे सामायिक जेवणाची मोठी कढई. पथकाच्या एका अधिकाऱ्याचे पदनामच सूप बनवणारा अशा अर्थाचे होते, शिपायाच्या टोपीला चमचा खोवण्याची जागा असे, आणि कढई उलटी केली की बंड पुकारले असे समजत. १८२६ मध्ये सुलतानाने हे दल मोडून काढले, तोवर ही खूण जिवंत होती. घरातून तोडलेल्या मुलांना सैन्य दुसरे घर देते ते अन्नातून. तेव्हा भिवाच्या पथकात कोण शिजवतो, कोण आधी जेवतो आणि नव्या पोराला कढईच्या तळाचे केव्हा मिळते, हे आपण ठरवले आहे काय?

मुलुंडचा लेखनिक

सर्वांचे मनापासून आभार. हंगामाचा पेच हाच आता पहिल्या भागाचा कणा करीन. गिरगावच्या ताईंचे म्हणणेही पटले, गरुडाची सावली वाफ्यातल्या पाण्यात ठेवतो. एक शंका उरते. भिवाला सैन्यात धाडण्याचा निर्णय घरात कोणी घ्यावा? बापाने पाठवले तर तो क्रूर दिसतो, आणि मुलगा पळून गेला तर बहिणीच्या टाचा पाहताना त्याला केवळ अपराधी वाटत राहील.

वडाळा खाडीकाठ

निर्णय आईला घेऊ द्यावा. फुटलेल्या बांधामुळे त्या वर्षीचे मीठ गेले आहे, सावकाराकडून उचल झालेली आहे, आणि पागेचा हवालदार पखालीसाठी पोर शोधत गावात आला आहे. त्याला वर्षाचे वेतन आगाऊ देण्याची मुभा आहे. बाप बांधावर असताना आई ते पैसे घेते. भिवाला गरुड जवळून पाहायचे आहेत हे तिला ठाऊक आहे, म्हणून तो आनंदाने निघतो, आणि ती त्याला आगाऊ वेतनाविषयी काहीच सांगत नाही. ते त्याला छावणीत, वर्षअखेरीस हिशेब करताना, कारकुनाकडून कळावे.

दप्तरी वाचक

हे उत्तम आहे. त्या कारकुनाला पहिल्या प्रकरणातच नाव देऊन ठेवा. भिवाची यादी लिहिणारा आणि त्याचे वेतन वळते करणारा माणूस एकच असू द्या, आणि त्याला दुष्ट करू नका. पागेत अक्षरओळख असलेला तो बहुधा एकटाच असेल, म्हणजे भिवाला पुढे घरी निरोप लिहायचा झाला तर त्याच्याचकडे जावे लागेल.