मदत हवी आहे: १६ माणसांच्या जेवणाला रोडगे करू का गोळाभात?

ताई लोकहो, रविवारी रात्री लेकीच्या सासरचे पहिल्यांदाच जेवायला येऊन राहिले, घरचे धरून १६ माणसं. वावरात तुरीच्या शेंगा भरल्या आहेत म्हणून सोल्याची भाजी आणि सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) तर पक्की, पुढंच अडलं. रोडगे (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी करावी म्हटलं तर गोवऱ्यांचा जगरा ४ वाजताच पेटवावा लागते आणि रोडगे आतून कच्चे राहिले तर पाहुण्यांसमोर कसं कानकोंडं होते. गोळाभात सोपा, पण मागच्या वेळी गोळे फुटून भाताचा पार चिखल झाला. चणाडाळीचा भरडा किती जाड ठेवायचा, गोळ्यात तेलाचं मोहन किती? आणि व्याह्यांना शुगर आहे, पुरणपोळीऐवजी गोडाला काय करू? लवकर सांगा, शनिवारी बाजार आहे.