मदत हवी आहे: टाकीतले मासे एकेक करून मरतायत, अर्जंट

शेवटची_लोकल | शुक्रवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा. घरातले मासे मरतायत. आज सकाळी उठून बघतो तर अजून दोन उलटे. पाणी एकदम काचेसारखं ठेवतोय, खायला पण वेळेवर, तरी मरतायत. दुकानदार म्हणाला निळं औषध टाका, १२० रुपये घेतले, टाकलं, काही फरक नाही, फक्त टाकीचे कोपरे निळे झालेत. मासे मुलीच्या वाढदिवसाचे आहेत, मेलेला मी ती उठायच्या आत गुपचूप काढतो आणि तिला सांगतो दगडामागे झोपलाय. आता दगड एक आणि झोपलेले पाच झालेत. कोणाला माहिती असेल तर प्लीज लगेच सांगा, गूगल करून डोकं फिरलंय.

चिंचगुळ | रात्री ११:५०

टाकी केवढी? किती दिवस झाले लावून? मासे कुठले, किती? फिल्टर आहे का? पाणी कधी बदललं, किती बदललं, कुठलं घातलं? यातलं काहीच नाही दिलंत तर काय सांगणार.

शेवटची_लोकल | रात्री ११:५३

नॉर्मल टाकी आहे हो, घरात असते तशी. मासे मिक्स आहेत. ताई, औषध कुठलं टाकू तेवढं सांगा ना.

तिरकस | रात्री ११:५५

डॉक्टर, पेशंटला काहीतरी होतंय. पेशंट नॉर्मल साइजचा आहे. पेशंट मिक्स आहे.

वास्तुप्रेमी | रात्री ११:५८

टाकी कुठल्या दिशेला आहे ते आधी बघा. ईशान्य किंवा उत्तर हवी. मासे नऊ, आठ सोनेरी आणि एक काळा. मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं असं समजायचं, वाईट वाटून घेऊ नका, तसाच दुसरा आणून सोडा.

चिंचगुळ | रात्री १२:०३

दुसरा अजिबात आणू नका. पाच संकटं म्हणजे घर आहे की कुरुक्षेत्र. @शेवटची_लोकल, निळं औषध आता पुरे, त्याने फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया पण मरू शकतात. आणि मी ताई नाही.

पेन्शनर_१९५४ | रात्री १२:०७

आमच्या लहानपणी वाड्यातल्या हौदात गप्पी मासे असायचे. ना फिल्टर, ना औषध, ना डब्यातलं खाणं. डासांच्या अळ्या खाऊन मस्त जगायचे, मलेरियावाले येऊन स्वतः सोडून जायचे. मुंबईला मामाकडे गेलो की मरीन ड्राईव्हचं तारापोरवाला मत्स्यालय ठरलेलं, १९५१ साली सुरू झालं ते, तिथे काचेला नाक लावून उभं राहायचो आणि मागून मामी ओढायची. तेव्हा कोणी घरात एवढी यंत्रं लावत नव्हतं. तुम्ही लोक फार लाड करता.

चिंचगुळ | रात्री १२:१२

काका, हौदात हजारो लिटर पाणी, शेवाळ, वर ऊन, आणि गप्पी केवढा तर नखाएवढा. काचेच्या टाकीशी त्याची तुलना कशी करणार.

पेन्शनर_१९५४ | रात्री १२:१४

तुलना करत नाही, अनुभव सांगतोय.

शेवटची_लोकल | रात्री १२:१९

बरं सॉरी, मोजून आलो. २ फूट लांब, १ रुंद, १ उंच. बारा दिवस झाले. आणले तेव्हा १२ होते, गोल्डफिश ४, मॉली ४, एंजल २, शार्क २. गेले ते दोन गोल्डफिश, दोन्ही एंजल, एक मॉली. फिल्टर आहे, चांगला आहे, फक्त रात्री बंद करतो कारण घुर्र आवाज येतो आणि आई हॉलमध्ये झोपते. पाणी मंगळवारी पहिला मेला तेव्हा पूर्ण बदललं, काल संध्याकाळी परत पूर्ण बदललं, दगड, खडे, फिल्टरचा स्पंज सगळं भांड्याच्या साबणाने घासून चकाचक. म्हणजे अस्वच्छतेचा प्रश्नच नाही.

तिरकस | रात्री १२:२१

हा माणूस खून करून जागा पण पुसतोय.

डेट्रॉईटकर | रात्री १२:२६

तुमची टाकी सायकल झालेली नाही. आमच्याकडे आधी रिकामी टाकी चार ते सहा आठवडे सायकल करतात मगच मासे. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तिन्ही टेस्ट करून आकडे टाका, लिक्विड किट घ्या, पट्ट्या घेऊ नका.

शेवटची_लोकल | रात्री १२:२८

सायकल म्हणजे?

चिंचगुळ | रात्री १२:३७

मी सांगतो साध्या भाषेत. मासे शू-शी त्याच पाण्यात करतात आणि कल्ल्यातून पण अमोनिया सोडतात. अमोनिया विष आहे आणि पाणी काचेसारखं दिसत असलं तरी त्यात तो असू शकतो, डोळ्याला दिसत नाही. टाकी जुनी झाली की स्पंजवर, खड्यांवर बॅक्टेरिया बसतात, एक जातीचे अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे त्याचं नायट्रेट, ते बरंच सौम्य, थोडं थोडं पाणी बदललं की निघून जातं. ही वस्ती बसायला महिना-सव्वा महिना लागतो. तुमची जेमतेम बसायला लागली असेल ती तुम्ही भांड्याच्या साबणाने घासून काढलीत, दोनदा. स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा, तो चकाचक दिसायला नकोच आहे. आणि तुमची टाकी भरून ५७ लिटरची, खडे-दगड धरले तर ५० पण नाही. त्यात चार गोल्डफिश म्हणजे चार म्हशी. फिल्टर रात्री बंद म्हणजे हवा पण बंद, पहाटे गुदमरणारच. आत्ता उठा आणि चालू करा, आईंना दुसऱ्या खोलीत झोपवा.

डेट्रॉईटकर | रात्री १२:४१

पूर्ण पाणी बदलणं हे मुळात कारण नाही, पाणी नीट ट्रीट केलेलं असेल तर बदलता येतं. बाटलीतले बॅक्टेरिया मिळतात ते घाला. आणि टेस्ट किटशिवाय हे सगळे अंदाज आहेत.

चिंचगुळ | रात्री १२:४४

रात्री पाऊण वाजता घोडबंदर की कुठे राहतात तिथे ते किट आणून देणार का तुम्ही? @शेवटची_लोकल, एक काम करा, टाकीच्या पाण्याचा वास घ्या. मग मोबाइलचा टॉर्च लावून गोल्डफिशचे कल्ले बघा, आतून कसे दिसतात.

कोळंबी_भात | रात्री १२:४८

अवांतर, पण सांगतोच. तुमचा तो शार्क शार्क नाही. चंदेरी, मिशीवाला, घाबरला की काचेवर धडका मारतो ना? तो पंगस. हॉटेलात बासा म्हणून जो बिनकाट्याचा पांढरा तुकडा येतो तो हाच भाऊ. वाढला की मीटरभराच्या पुढे जातो. दोन फुटी टाकीत मीटरभराचा मासा कसा वळणार तुम्हीच ठरवा. चवीला काही नाही, आलं-लसूण आणि तिरफळ घालून पण उभा राहत नाही.

तिरकस | रात्री १२:५०

धाग्याचं नाव वाच रे बाबा.

कोळंबी_भात | रात्री १२:५१

वाचलं की. मरतायत लिहिलंय. शिळे खाऊ नका म्हणून आलो.

शेवटची_लोकल | रात्री १२:५८

फिल्टर लावला. सगळे वर येऊन तोंड वाजवतायत, नुसतं पप पप, पाण्यावर बारीक बुडबुडे. गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या कडा आतून भडक लाल आहेत, आधी अशा होत्या का आठवत नाही. आणि वास येतोय. स्विमिंग पूलसारखा. आत्ता ट्यूब पेटली, लिफ्टमध्ये नोटीस होती, गुरुवारी सोसायटीची टाकी साफ करणार, ब्लीचिंग पावडर. मी गुरुवारी संध्याकाळीच नळाचं पाणी भरलंय!!! आता काय करू, बाटलीबंद पाणी आणू का वीस लिटरचा जार?

पेन्शनर_१९५४ | रात्री १:०२

खडे मीठ टाका मूठभर.

वास्तुप्रेमी | रात्री १:०३

दिशा अजून सांगितली नाहीत.

चिंचगुळ | रात्री १:०५

जार नको, आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असतात, एकदम बदल झेपायचा नाही. क्लोरीन उडवायला एक दिवस उघड्या बादलीत ठेवावं लागतं, आत दगडी बबलर, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, सोडला तर लवकर उडतं. नाहीतर हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दुकानात अँटीक्लोरीन म्हणून बाटली मिळते. आत्ता घरात गुरुवारच्या आधी भरलेलं पाणी कुठे आहे का, पिंपात, हंड्यात, कशातही?

शेवटची_लोकल | रात्री १:१९

आहे! आईने नोटीस लागली त्याच दिवशी बाथरूममध्ये दोन पिंपं भरून ठेवली होती, आम्ही तिला हसलो होतो. ती आता उठलीय. एक गोष्ट सांगायची राहिली, मला पण आत्ताच कळली. आई रोज पहाटे आंघोळ झाली की टाकीत कणकेच्या गोळ्या टाकते. पुण्य म्हणून. महाडजवळ वाळणकोंडला माहेरी लहानपणी टाकायचे म्हणे. मी सकाळी डब्यातलं टाकतो, बायको संध्याकाळी, मुलगी मधेअधे.

चिंचगुळ | रात्री १:२७

आईंना नमस्कार सांगा आणि गोळ्या आजपासून बंद. वाळणकोंडला काळ नदीचा खोल डोह आहे, देवाचे मासे एकेक हातभर, खाली वाहतं पाणी, तिथे गोळी पोटात जाते. तुमच्याकडे ती खड्यांत जाऊन आंबते आणि अमोनिया. आता पिंपाचं पाणी, हाताला टाकीइतकंच गार-गरम लागतंय बघून, पाव टाकी काढा आणि हळूहळू पेल्याने घाला, धो धो नको. तासाभराने परत पाव. दोन दिवस खायला काहीही नाही, उपाशी मरत नाहीत. सकाळी दुकान उघडलं की अँटीक्लोरीन.

फणसगरे | रात्री १:३१

एवढा त्रास होत असेल तर मासुंद्याला नाहीतर उपवनला नेऊन सोडा ना तलावात, तेही मोकळे तुम्हीही मोकळे.

चिंचगुळ | रात्री १:३५

नाही!! असंच एकेकाने सोडून सोडून त्या टाकीची काच चाटणाऱ्या सकर माशाने नद्या-धरणं भरलीत, उजनीच्या मच्छीमारांना विचारा जाळी कशी फाटतात ते. झेपत नसेल तर दुकानदाराला परत द्या.

फणसगरे | रात्री १:३६

बरं बाबा, चांगलं सांगायला गेलो.

शेवटची_लोकल | शनिवार, सकाळी ७:१०

रात्रभर जागा होतो. मी पेल्याने पाणी घालत होतो आणि आई टॉर्च धरून उभी. तीनच्या सुमारास मॉली खाली गेल्या, मग शार्क, म्हणजे ते पंगस. एक गोल्डफिश पहाटे गेला. बाकी सहा आहेत. मुलगी आज लवकर उठली आणि मी मेलेला हातात घेऊन उभा, आता दगडामागे झोपलाय कसं सांगणार. तिने विचारलं बाकीचे पण असेच झोपलेत का. हो म्हटलं. मग विचारलं कुठे ठेवलेस. कढीपत्त्याच्या कुंडीत. तर म्हणे मला माहीत होतं, तिथली माती उकरलेली असते.

तिरकस | सकाळी ७:३१

काल खून-बिन म्हणालो, सॉरी यार.

डेट्रॉईटकर | सकाळी ७:४४

अमोनियाचा आकडा अजूनही नाही आला. मी फक्त आठवण करतोय.

शेवटची_लोकल | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३:०५

खूप जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून अपडेट. किट आणलं (डेट्रॉईटकर, खूश?), पहिल्या आठवड्यात बाटलीतला रंग हिरवागार यायचा म्हणजे अमोनिया भरपूर, रोज थोडं थोडं पाणी बदललं, सगळं आदल्या दिवशी बादलीत बबलर सोडून ठेवलेलं. कालपासून पिवळा येतोय, म्हणजे शून्य. दोन्ही पंगस दुकानदाराला परत दिले, पैसे दिले नाहीत, खाण्याचा डबा दिला. एक गोल्डफिश, तीन मॉली राहिल्यात. आणि काळ्या मॉलीने मंगळवारी पिल्लं घातली! मी २३ मोजली, संध्याकाळी १४ भरली, आयाच खातात म्हणे स्वतःची, मुलीने गाळणी घेऊन उरलेली वेगळ्या बरणीत काढली. फिल्टर रात्री चालू असतो, आई आतल्या खोलीत. कणकेच्या गोळ्या बंद आहेत पण परवा टाकीच्या तळाला भिजलेला साबुदाणा सापडला, एकादशी होती. चिंचगुळ दादा, तुम्ही नसता तर काही खरं नव्हतं. ठाण्यात कोणाला मॉलीची पिल्लं हवी असतील तर बाटली घेऊन या.

वास्तुप्रेमी | दुपारी ३:२२

बघा, काळा मासाच फळला.

कोळंबी_भात | दुपारी ३:२५

पंगस परत दिलेत ते उत्तम. गोल्डफिश पण कार्प घराण्यातलाच हो, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा चुलत भाऊ. सहज सांगतोय.

पेन्शनर_१९५४ | दुपारी ३:४०

चार पिल्लं मला द्या, गच्चीवर पाण्याचा जुना पिंप आहे, त्यात सोडतो. फिल्टर लावणार नाही.

शेवटची_लोकल | दुपारी ३:५८

काका या कधीही. अजून एक विचारायचं होतं, मासे पुरलेत तो कढीपत्ता आधी जोरात फुटला आणि आता पानं पिवळी पडून गळतायत, खाली मुंग्या पण झाल्यात. काय फवारू? जरा लवकर सांगा, आई रोज विचारते.

चिंचगुळ | दुपारी ४:०१

कुंडी केवढी? पाणी किती घालता? ऊन किती तास?

शेवटची_लोकल | दुपारी ४:०३

नॉर्मल कुंडी आहे हो.