पावागडाच्या माथ्यावरचा फिकट दगड: राखेचा की लाव्ह्याचा?

मंडळी, मदत हवी आहे.

आम्ही बडोद्यातले काही जण दिवाळीनंतर सोसायटीतल्या मुलांना पावागडावर दगड दाखवायला नेणार आहोत. देऊळ, तटबंदी सगळे बघतात. डोंगर कशाचा बनलाय हे कोणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

खालच्या भागाची अडचण नाही. तिथे दख्खनचा नेहमीचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांचा. काळपट, कण नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, मधूनमधून वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या, काहींत पांढरं खनिज भरलेलं.

घोडं अडतंय ते वर. तिथला दगड फिकट, राखाडी-जांभळट. एका जागी पाणी शिंपडून भिंगातून पाहिलं, तर बारीक मातकट भागात पारदर्शक स्फटिकांचे मोडके तुकडे, आणि मसुराच्या डाळीसारखे चपटे काळसर डाग, सगळे एकाच दिशेने आडवे, टोकं विस्कटलेली. मध्ये दुसऱ्याच कुठल्या तरी दगडाचा टोकदार तुकडा रुतलेला. थोडं पुढे मात्र तुकडा एकही नाही. नुसत्या बारीक रेघा, त्याही वळलेल्या, घड्या पडलेल्या.

पहिली ज्वालामुखीची राख आणि दुसरा रायोलाइटचा (सिलिका जास्त असलेल्या फिकट ज्वालामुखी दगडाचा) लाव्हा, असं मुलांना सांगू का? २००४पासून जागतिक वारसा असलेली जागा आहे, त्यामुळे हातोडी लावायची नाही. बघूनच ओळखायचंय.

प्रतिसाद १:

पहिली राखच, वेल्डेड टफ, म्हणजे गरम असतानाच चिकटून दगड झालेली राख. तापलेली राख आणि प्युमिसचे (बुडबुड्यांनी भरलेल्या हलक्या ज्वालामुखी दगडाचे) तुकडे खाली साचतात, वरच्या भाराने मऊ प्युमिस चेपला जातो. तेच तुमचे चपटे डाग. मोडके स्फटिक आणि परका तुकडा त्याला दुजोराच देतात.

दुसऱ्याची घाई करू नका. राख फार तापलेली असेल, तर चिकटून घट्ट झाल्यावरही ती उतारावर सरकते आणि तिच्यातही घड्या पडतात. रेघांवरून निकाल लागणार नाही, थराचा तळ शोधा. रायोलाइटचा लाव्हा इतका दाट असतो की पुढे सरकताना त्याची थंड साल फुटते आणि ते कोनदार तुकडे त्याच्याच खाली दबतात. तळाशी तसा तुकड्यांचा थर दिसला, तर लाव्हा म्हणायला हरकत नाही. नाहीच दिसला, तर त्याच रेघा धरून बाजूला चालत जा. पुन्हा चपटे डाग लागले तर तीही राखच. तळाचा फोटो मिळाला तर इथे नक्की टाका.