रेड ५ वर लिहिताना वेग ११० वरून १८ वर येतो, अडतंय कुठे?

आषाढमेघ

घरच्या स्टोरेज सर्व्हरवर डेबियन आहे. ८ जीबी रॅम, ४ टीबीच्या चार डिस्क, एमडीअ‍ॅडमचं रेड ५ (चार डिस्कचा एकच संच, म्हणजे अ‍ॅरे; एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो), त्यावर एक्स्ट४ फाइलसिस्टिम आणि सांबाने नेटवर्कवर दिलेलं शेअर. घरातलं लॅन गीगाबिट आहे. वाचताना सेकंदाला ११२ एमबी सलग मिळतात. लिहायला लागलं की सुरुवात तशीच होते, पण साधारण ६० जीबी गेल्यावर वेग १८-२० वर येतो आणि तिथेच रेंगाळतो. तासभर सर्व्हरला हात लावला नाही की पुन्हा पहिल्यासारखा पळतो. रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये चारही डिस्क ठीक दिसतात, रिसिंक (डिस्कची पुन्हा जुळवणी) चालू नाही. जागा ६२ टक्के भरली आहे. चारपैकी एक डिस्क नंतर बदललेली आहे. एसएसडी कॅश लावावी की अडीच गीगाबिटचं कार्ड घ्यावं?

कोयनाकाठ

कार्ड घेऊ नका. वाचताना ११२ मिळतात म्हणजे गीगाबिट पूर्ण वापरलं जातंय. केबलची एखादी जोडी तुटून लिंक १०० मेगाबिटवर आली असती तर ११-१२ च्या वर आकडा गेलाच नसता, आणि तोही पहिल्या सेकंदापासून. लिहिण्याच्या दिशेची खात्री हवी असेल तर क्लायंटकडून सर्व्हरकडे आयपर्फ३ हे नेटवर्कचा वेग मोजणारं साधन एक मिनिट चालवा. ९४० मेगाबिटच्या आसपास आलं की नेटवर्कचा विषय संपला.

मग सर्व्हरवरच एफआयओ या डिस्कचा वेग मोजणाऱ्या साधनाने मोजा: सलग लेखन, ब्लॉक १ एमबी, एकूण १०० जीबी, शेवटी एफसिंक (सगळं खरंच डिस्कवर उतरवणं). शेअरमधल्या फोल्डरात फाइल बनवूनच मोजायचं. एमडी० या अ‍ॅरेच्या मूळ डिव्हाइसवर थेट लिहिलंत तर फाइलसिस्टिम पुसली जाईल, हे कृपया दोनदा वाचा. चाचणी २-४ जीबीची ठेवू नका. लिनक्स आधी सगळं रॅममध्ये घेतं आणि आकडा फुगतो.

रानवारा

आधी फुकटचा उपाय करा. एमडी, म्हणजे लिनक्सचं रेड, याच्या स्ट्राइप कॅशची (लेखन जुळवायची रॅममधली जागा) मूळ किंमत २५६ असते. चार डिस्कना ती फक्त ४ एमबी रॅम देते. रेड ५ मध्ये पूर्ण पट्टा (सगळ्या डिस्कवरचे एकेक तुकडे मिळून) एकदम लिहिता आला तर पॅरिटी, म्हणजे हरवलेला तुकडा परत काढायची जादा माहिती, हातातल्या डेटावरूनच निघते. पट्टा अर्धवट असेल तर जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचून दोन्ही नव्याने लिहावं लागतं, म्हणजे छोट्या एका लेखनाला चार फेऱ्या. किंमत ८१९२ केलीत तर १२८ एमबी रॅम जाईल, ८ जीबीत ती सहज परवडते. रीबूटनंतर सेटिंग जातं, म्हणून यूडेव्हच्या (डिस्क दिसताच सेटिंग लावणाऱ्या) नियमात टाकून ठेवा.

कोयनाकाठ

स्ट्राइप कॅश वाढवायलाच हवी, पण इथली लक्षणं तिची नाहीत. तिची अडचण असती तर पहिल्या मिनिटापासून दिसली असती. किती जीबीनंतर वेग पडतो हा आकडाच इथे बोलतोय. एक-दीड जीबीनंतर पडला असता तर रॅम भरली म्हणता आलं असतं. तुमचा ६० वर पडतो. चार डिस्कच्या रेड ५ मध्ये ६० जीबी लिहिले की प्रत्येक डिस्कवर पॅरिटी धरून २० जीबी जातात. शिवाय तासभर विश्रांती दिली की वेग परत येतो. एक डिस्क शिंगल्ड, म्हणजे एसएमआर, असावी असा दाट संशय आहे.

या डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते, तसंच एक ट्रॅक बदलायला शेजारचे ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात. हे लपवण्यासाठी डिस्क काही जीबी साध्या ट्रॅकचा भाग राखून ठेवते, येणारा डेटा आधी तिथे घेते आणि रिकाम्या वेळात आत हलवते. तो भाग भरला की लिहिणं आणि हलवणं एकाच वेळी करावं लागतं. रेड ५ मध्ये पट्ट्याचा प्रत्येक तुकडा लिहून व्हावा लागतो, त्यामुळे तीन चांगल्या डिस्क चौथीची वाट बघत बसतात.

एफआयओ चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर डिस्कचा भार दाखवणारं आयोस्टॅट विस्तारित रूपात, दर दोन सेकंदांनी लावा. प्रत्येक डिस्कचा लेखनाचा अवेट (एका लेखनाला लागलेला वेळ) आणि यूटिल (डिस्क किती टक्के व्यस्त) हे दोन रकाने बघा आणि आकडे इथे द्या.

आषाढमेघ

आयपर्फ ९४१. एफआयओ सर्व्हरवरच, ५५ जीबीपर्यंत १९० च्या आसपास, मग २१. त्या वेळी आयोस्टॅट: ए, बी, डी या डिस्कचा अवेट ६ ते १० मिलिसेकंद, यूटिल १५ टक्क्यांच्या आत. सीचा अवेट ७०० ते १३००, यूटिल १००. नंतर बदललेली डिस्क सीच आहे. स्ट्राइप कॅश ८१९२ केली, सुरुवातीचा वेग १९० वरून २४० झाला, पडल्यावर मात्र तोच २१.

निळासावळा

सीला लगेच दोषी ठरवण्याआधी दोन गोष्टी पाच मिनिटांत तपासून घ्या. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये ५, १९७, १९८ आणि १९९ या क्रमांकांपुढचे आकडे बघा. पहिले तीन वाढत असतील तर डिस्क खरोखर मरतेय. फक्त १९९ वाढत असेल तर साटा केबल बदला. मग एचडीपार्म या डिस्कची सेटिंगं दाखवणाऱ्या साधनाने लेखन कॅश चालू आहे ना ते बघा, ती बंद असली तरी अवेट चढतो.

दोन्ही ठीक असेल तर एचडीपार्मच्या माहितीत ट्रिम (रिकाम्या झालेल्या जागा डिस्कला कळवण्याची सोय) शोधा. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर ट्रिम दिसलं तर ती शिंगल्ड असण्याची दाट शक्यता आहे. न दिसल्याने मात्र ती सुटत नाही. खरा पुरावा मॉडेल नंबर. २०२० च्या एप्रिलमध्ये यावरून मोठा गदारोळ झाल्यावर कंपन्यांनी कुठलं मॉडेल सीएमआर (साध्या, न चढवलेल्या ट्रॅकचं) आणि कुठलं एसएमआर याच्या याद्या दिल्या. नावापुढची एक-दोन अक्षरंच वेगळी असतात, म्हणून डिस्क घेताना पूर्ण नंबर जुळवा, मालिकेच्या नावावर जाऊ नका.

एसएसडी कॅशबद्दल: ती २५६ जीबीची लावलीत तर वेग ६० ऐवजी अडीचशे जीबीनंतर पडेल. कॅश शेवटी रिकामी व्हायची ती याच डिस्कवर.

आषाढमेघ

१९९ सकट चारही शून्य, लेखन कॅश चालू, ट्रिम आहे, आणि मॉडेल कंपनीच्या यादीत एसएमआर. सीएमआर डिस्क घेतो. सीला फेल करून काढू आणि नवी घालू का?

कोयनाकाठ

फेल करू नका. फेल केलीत की अ‍ॅरे तीन डिस्कवर येईल, आणि ४ टीबी १०० च्या वेगाने पुन्हा बांधायला ११ तास लागतात. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर सगळं गेलं. एक साटा पोर्ट मोकळा असेल तर नवी डिस्क पाचवी म्हणून जोडा, एमडीअ‍ॅडमने अ‍ॅड करा आणि मग रिप्लेस द्या: सीच्या जागी ई, म्हणजे नवी. सीवरून वाचून ईवर लिहिलं जातं. वाचायला शिंगल्ड डिस्क तक्रार करत नाही, आणि सगळा वेळ पॅरिटीचं संरक्षण शाबूत राहतं. काम संपल्यावर एमडीस्टॅटमध्ये सीपुढे एफ, म्हणजे फेल, दिसेल. घाबरू नका, तसंच अपेक्षित आहे. मग सीला रिमूव्ह करा आणि तिचा सुपरब्लॉक (ती अ‍ॅरेची आहे ही नोंद) पुसा.

हे करण्याआधी बॅकअप ताजा करा, आणि अ‍ॅरेवर इतर लेखन थांबवा.

निळासावळा

नव्या डिस्कवर स्मार्टसीटीएलने एससीटी ईआरसी (खराब सेक्टरवर डिस्कने किती वेळ प्रयत्न करायचा ती मर्यादा) तपासा आणि ७० ठेवा, म्हणजे ७ सेकंद. खराब सेक्टरवर डिस्क मिनिटभर झगडत बसली तर लिनक्स ३० सेकंदांनी तिला रीसेट करतं आणि चांगली डिस्कही अ‍ॅरेबाहेर जाऊ शकते. ईआरसी नसेल तर त्या डिस्कचा कर्नल टाइमआउट, म्हणजे लिनक्स वाट बघतं तो वेळ, १८० सेकंद करा. दोन्ही सेटिंगं सर्व्हर चालू झाल्यावर पुन्हा लावावी लागू शकतात, स्ट्राइप कॅशच्याच नियमात घाला.

सर्व्हर इन्व्हर्टरवर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते बघा. लेखन कॅश चालू ठेवायची तर वीज जाता-येता सर्व्हर बंद पडता कामा नये.

रानवारा

बिटमॅपही बघा, म्हणजे कुठल्या भागात लेखन चालू होतं याची अ‍ॅरेने ठेवलेली नोंद. अंतर्गत बिटमॅपचा तुकडा लहान असेल तर प्रत्येक लेखनाबरोबर डोकं डिस्कच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे धावतं. बिटमॅप काढून १२८ एमबी तुकड्याने परत लावता येतो, पण रिप्लेस पूर्ण झाल्यावरच. बिटमॅपशिवाय चालवू नका, नाहीतर एकदा वीज गेली की पूर्ण रिसिंक.

सी फेकू नका. एकदा भरून कपाटात ठेवायच्या बॅकअपला ती उत्तम चालेल.