शब्द पाठ करू की वाक्यं करत बसू? (जर्मन बी वन)

पेठेतली_पाहुणी:

मंडळी, पुण्यात जर्मनचा बी वन, म्हणजे ए वन, ए टू नंतरची तिसरी पातळी, चालू आहे, वीकेंड बॅच. ए वन, ए टू कसंबसं पार पडलं, तेव्हा शब्द म्हणजे टेबल, खुर्ची, टोमॅटो, चित्र डोळ्यासमोर यायचं आणि लक्षात राहायचे. आता बी वनची ती अधिकृत शब्दयादी आहे ना, साधारण २४०० शब्दांची, त्यात सगळे असले हवेतले शब्द, संयम, अनुभव, निर्णय, तक्रार करणे, एखादी गोष्ट सोडणे वगैरे. आमच्या मॅडम म्हणतात नुसते पाठ करू नका, रोज नव्या शब्दांची स्वतःची वाक्यं करा आणि वहीत लिहून आणा. आणते मी. पण माझी वाक्यं सगळी एका साच्यातली. ‘गेडुल्ड इस्ट विश्टिश’, संयम महत्त्वाचा आहे. ‘एरफारुंग इस्ट विश्टिश’, अनुभव महत्त्वाचा आहे. व्याकरणात चूक नाही म्हणून मॅडम टिक करतात, पुढच्या शनिवारी धड्यात गेडुल्ड दिसला की मी परत कोरी ती कोरीच.

बॅचमधला एक मुलगा नुसतं फ्लॅशकार्डचं ॲप बडवत असतो, वाक्यबिक्य काही नाही, आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त शब्द येतात. मग हा वाक्यांचा उद्योग करायचा कशाला? परीक्षेत लेखनाला एक तास आणि तीन प्रश्न, दोन साधारण ८० शब्दांचे आणि एक ४० चा, तिथे तरी याचा फायदा होतो का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

खडूफळा:

ताई, हा आजार शाळेतून आलाय. ‘खालील शब्दांचा वाक्यात उपयोग करा.’ ‘प्रामाणिक’ आला की आपण लिहिणार राम प्रामाणिक मुलगा आहे, ‘हुशार’ आला की राम हुशार मुलगा आहे, ‘आळशी’ आला की त्याच रामाला आळशी करायचं, मार्क मिळायचे आणि राम बिचारा सगळंच होऊन बसायचा. तुमचं गेडुल्ड तेच आहे. त्या वाक्यातून गेडुल्ड काढून तिथे पैसा टाका, झोप टाका, पोहे टाका, वाक्य तसंच उभं राहतं. म्हणजे वाक्य लिहिताना त्या शब्दाचा विचारच झाला नाही, मग तो लक्षात राहणार कसा?

मी जर्मन शिकवतो, पोरांना एकच सांगतो, वाक्य लिहून झालं की नवा शब्द बोटाने झाका आणि शेजारच्याला दाखवा, त्याला ओळखता आला तर वाक्य पास. गेडुल्डसाठी, ‘मान ब्राउख्ट फील गेडुल्ड, वेन मान डेम ओपा डास हँडी एर्क्लेअर्ट’, आजोबांना मोबाईल शिकवायचा तर खूप संयम लागतो. इथे दुसरं काय बसणार? (राग बसेल, पण तो नंतर.) आणि तुमच्या यादीतलं ते ‘सोडणे’, म्हणजे फेरत्सिश्टन, त्यावर मागे एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, ‘इश फेरत्सिश्टे इम चातुर्मास आउफ त्स्वीबेल्न उंट क्नोबलाउख’. चातुर्मासात मी कांदा-लसूण सोडते. अख्ख्या वर्गाला तो शब्द कायमचा बसला, आणि त्याच्यासोबत ‘आउफ’ लागतं हेही फुकटात बसलं. बी वनला खरी मारामारी या शेपटांचीच आहे, म्हणजे शब्दामागे लागणाऱ्या ‘आउफ’सारख्या छोट्या शब्दांची. वार्टन आउफ (वाट बघणे), क्युमर्न उम (काळजी घेणे), टाइलनेमन आन (भाग घेणे), आंग्स्ट फोर (कशाची तरी भीती). नुसता अर्थ पाठ केला की शेपूट हातात येत नाही आणि लेखनात मार्क तिथेच जातात.

आता उलट बाजू. डिक्शनरीतला अर्थ वाचून लगेच वाक्य करायला बसू नका. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया या दोघांनी १९८७ मध्ये यावर लेख लिहिला होता, अमेरिकन शाळकरी पोरांना डिक्शनरी बघून वाक्यं करायला सांगितली तर काय होतं. ‘इरोड’ म्हणजे झिजवणे, पण अर्थात ‘इट आउट’ असं दिसलं म्हणून एका पोराने लिहिलं की आमचं कुटुंब खूप इरोड करतं, म्हणजे हॉटेलात जेवतं! दुसऱ्याने ‘स्टिम्युलेट’ म्हणजे चेतवणे, पण अर्थात ‘स्टर अप’ दिसलं म्हणून सूप ढवळलं. पोरं मूर्ख नव्हती, त्यांनी शब्द वापरात बघितलाच नव्हता. म्हणून आधी तयार वाक्यं वाचा, तीनचार तरी. अधिकृत यादीत शब्दांपुढे उदाहरणं दिलेली आहेत, ती कुणी वाचत नाही हे वेगळं. शिवाय डीडब्ल्यूडीएस म्हणून जर्मनची फुकट ऑनलाइन डिक्शनरी आहे, तिथे कुठल्या नामासोबत कुठलं क्रियापद येतं ते दिसतं. एन्टशायडुंग, म्हणजे निर्णय, टाका, ‘ट्रेफन’ सापडेल. आपण इंग्रजीतल्या ‘मेक’वरून ‘माखन’ करत बसतो.

कुजकट_शंका:

वरचा प्रतिसाद भारी आहे पण तो फ्लॅशकार्डवाला पोरगा पण चुकत नाहीये हे कुणीतरी बोला. २००४ मध्ये जो बारक्रॉफ्ट नावाच्या संशोधकाने स्पॅनिश शिकणाऱ्यांवर प्रयोग केला होता, अगदी नवे कोरे शब्द दिल्यादिल्या वाक्यं लिहायला लावली तर शब्द कमी लक्षात राहिले, नुसतं चित्र आणि शब्द बघणारे पुढे गेले. सोपं कारण आहे, शब्दाचा आवाज आणि स्पेलिंगच अजून डोक्यात नाही आणि आपण वाक्य जुळवण्यात सगळं डोकं खर्च करतोय. २००६ मध्ये कीथ फोल्सने एका शब्दासाठी एक वाक्य लिहिणं आणि तीन गाळलेल्या जागा भरणं असं समोरासमोर ठेवलं तर गाळलेल्या जागा जिंकल्या. म्हणजे शब्द किती वेळा आठवावा लागला याला वजन आहे.

त्यामुळे माझं मत, आधी कार्डावर शब्द तोंडओळखीचा होऊ दे, मग वाक्य. आणि सगळ्या २४०० चं वाक्य कशाला? टोमॅटोचं काय वाक्य करणार. जे शब्द नुसते वाचताना कळले तरी पुरतात ते सोडा, जे स्वतः लिहायला-बोलायला लागणार तेवढेच घ्या.

उंडगा_वाचक:

वाचनखूण साठवलीय. आमचं पोरगं बारावीनंतर जर्मनीचं म्हणतंय. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार झाला तेव्हापासून आमच्या तालुक्यालाही जर्मन क्लासच्या पाट्या लागल्यात, शिकवणारे कोण ते विचारू नका.

रात्रपाळी:

मी नर्स आहे, त्याच बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये. तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून ड्युटीवरून आल्यावर लिहितेय, टायपो सांभाळून घे. मी वाक्यं करायचे पण वहीसाठी नाही, उद्या जे खरंच बोलायला लागणार आहे तेच आज लिहायचं. सकाळी युबरगाबे असतं म्हणजे रात्रपाळीवाली दिवसपाळीवालीला पेशंट सोपवते, तिथे अडखळलं की सगळे बघत राहतात. मग आदल्या दिवशीच लिहून ठेवायचं, ‘देर पाट्सिएंट क्लाग्ट युबर श्टार्के बाउखश्मेर्त्सेन’, पेशंट पोटात खूप दुखतंय म्हणतोय. क्लागन युबर हे मी पाठ केलंच नाही, तो पोटदुखीवाला पेशंटच आठवतो. फेरबांट वेक्सेल्न (पट्टी बदलणे), ब्लूटड्रुक मेसन (रक्तदाब मोजणे), सगळं असंच जोडीने आलं. तू नर्स नाहीस तर तुझ्या ऑफिसचं लिही, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचं लिही, वरच्या मजल्यावरच्या मिक्सरचं लिही, तक्रार करणे हा शब्द त्या मिक्सरवर फुकट येईल, झिश बेश्वेरन युबर.

अजून एक, जर्मन वाक्य मराठीतून कर, इंग्रजीतून नको. ‘मला आवडतं’ सरळ ‘एस गेफेल्ट मिअर’, मला म्हणजे मिअर, इंग्रजीतून गेलीस की ‘मी आवडते’ अशी उलटापालट होते. ‘मला थंडी वाजते’ पण तसंच, मिअर इस्ट काल्ट. आणि वाइल (कारण), वेन (जर, जेव्हा) लावलं की क्रियापद शेवटी जातं त्याची आपल्याला कसली भीती, आपलं रोजच शेवटी असतं. इथे माझ्यासोबतच्या काही जणी सगळं इंग्रजीवरून करतात त्यांना याचाच त्रास होतो. बाकी इथले म्हातारे पेशंट श्वेबिश ही इथली बोली बोलतात, ते कुठल्याच यादीत नाही, त्याची तयारी करू नकोस.

पेठेतली_पाहुणी:

बापरे, एवढं कुणी लिहिल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. ठरलं, आधी कार्ड, मग मोजक्या शब्दांची वाक्यं. आज केलेली टाकते, झाकून ओळखता येतात का बघा.

१. देर नाखबार ओबन मिक्स्ट उम झेक्स उअर चटणी, उंट इश बेश्वेरे मिश.
२. इश वार्टे झाइट आइनर श्टुंडे आउफ देर बुस.
३. माइने श्वीगरमुटर फेरत्सिश्टेट नी आउफ टे.

पहिल्यात वरचा शेजारी सहा वाजता मिक्सरवर चटणी करतो आणि मी तक्रार करते, दुसऱ्यात मी तासाभरापासून बसची वाट बघतेय, आणि तिसऱ्यात सासूबाई चहा कधीच सोडत नाहीत असं म्हणायचंय.

खडूफळा:

तिसरं झकास, त्याला हात लावत नाही. पहिल्यात शेपूट राहिलं, कशाबद्दल तक्रार ते जोडा, ‘बेश्वेरे मिश युबर डेन लेर्म’, लेर्म म्हणजे गोंगाट. दुसऱ्यात ‘देर बुस’ नाही, वार्टन आउफनंतर अक्युझाटिव (कर्माची विभक्ती), म्हणून ‘आउफ डेन बुस’. पण काळ बरोबर आलाय, ‘तासाभरापासून वाट बघतेय’ जसं मराठीत वर्तमानकाळात तसंच जर्मनमध्ये, इंग्रजीतून आला असतात तर इथे परफेक्ट (पूर्ण काळ) घालून बसला असतात. पुढची वाक्यं इथेच टाका, रविवारी बघतो.