सिंगापूर ते न्यूयॉर्क: अंतर किती आणि वेळ किती?

प्रश्न
नमस्कार. आम्ही सिंगापूरला राहतो आणि जुलैमध्ये थेट विमानाने लेकीकडे न्यूयॉर्कला जाणार आहोत. तिकिटावर दुपारी 12 वाजता निघून त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला पोहोचू असे लिहिले आहे, प्रवास मात्र साडेअठरा तासांचा सांगतात. हे गणित कसे बसते, आणि दोन विमानतळांमधले अंतर कसे मोजतात?

उत्तर 1
वेळेचे कोडे सोपे आहे. जुलैमध्ये न्यूयॉर्कचे घड्याळ सिंगापूरच्या 12 तास मागे असते (हिवाळ्यात 13), त्यामुळे साडेअठरातले 12 तास घड्याळापुरते परत मिळतात. परतीला तेच वसूल होतात: रात्री 10 ला निघालात, तर तिसऱ्या दिवशी पहाटे उतराल.

अंतर तर घरबसल्या काढता येते. चांगी विमानतळ सुमारे 104 अंश पूर्व आणि केनेडी विमानतळ सुमारे 74 अंश पश्चिम रेखांशावर, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध अंगांना आहेत. म्हणून सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या शेजारून जाते. चांगीपासून ध्रुव 88.6 अंश, तिथून केनेडी 49.4 अंश, एकूण 138 अंश. एका अंशाला 111.2 किमी धरल्यास सुमारे 15,350 किमी. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे उत्तर मिळणार नाही.

उत्तर 2
वरील मोजणी बरोबर आहे, परंतु विमान सहसा त्या रेषेवरून जात नाही. साधारण 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात. ते पाठीशी घेण्यासाठी न्यूयॉर्कला जाणारे विमान बहुधा पॅसिफिकवरून जाते आणि हजारभर किलोमीटर जास्त कापूनही फायद्यात राहते. गंमत म्हणजे परतीचे विमानही बऱ्याचदा अटलांटिक आणि युरोपवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच येते, आणि प्रवाशाची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते! दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानही 2016 मध्ये याच कारणाने अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून जाऊ लागले. अंतर वाढले, वेळ घटला.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. पण पृथ्वी स्वतःच पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाखाली मुक्कामाचे ठिकाण आपणहून सरकत यायला नको का?

उत्तर 2
नाही, कारण वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडते. धावत्या रेल्वेच्या डब्यात चेंडू सरळ वर उडवला, तर तो हातातच परत पडतो, तसेच हे. फिरण्याचा परिणाम होतो तो वाऱ्यांवर: विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे सरकणारी हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते, आणि जेट प्रवाहाची दिशा त्यातूनच ठरते.

आणखी एक. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून जागेवर थांबेपर्यंतची असते. प्रत्यक्ष उड्डाण त्याहून थोडे कमी. त्यापुढे पासपोर्ट तपासणीची रांग आहेच, तेव्हा लेकीला साडेसहालाच दारात उभे राहायला सांगू नका.